आधी पाणी, मग इंजेक्शन

वासराला हगवण लागली की शेतकऱ्याचा फोन येतो आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, येऊन एक कडक इंजेक्शन द्या." घरातल्या लेकराला जुलाब लागले की तोच माणूस बायको-लेकराला मोटारसायकलवर बसवून बाजारपेठेच्या गावी जातो आणि तिथल्या डॉक्टरांकडेही हेच मागतो. मी पारनेर तालुक्यात पशुवैद्यक म्हणून काम करते. गोठ्यातली हगवण हा माझा रोजचा विषय. आमच्याकडे गोठा आणि घर यांच्यात एखादी भिंतच असते, त्यामुळे घरातल्या जुलाबाची हकीकतही कानावर येतेच. दोन्हीकडे एकाच गोष्टीला उशीर होतो आणि त्या उशिरापायी जीव जातात.

ती गोष्ट म्हणजे पाणी. विषाणूमुळे होणाऱ्या जुलाबावरचं पहिलं औषध म्हणजे मीठ आणि साखर योग्य प्रमाणात घातलेलं पाणी. ते घरच्याच माणसाने, पहिल्या पातळ संडासनंतर लगेच द्यायचं असतं. इंजेक्शन आणि सलाइन यांची पाळी नंतरची. पाणी वेळेवर सुरू झालं तर बहुतेक वेळा ती पाळी येतही नाही.

हे इतक्या ठामपणे का म्हणते, ते समजायला आतड्यात काय होतं हे पाहावं लागेल. लहान बाळाच्या आणि कोवळ्या वासराच्या तीव्र जुलाबामागे अनेकदा ज्याचा हात असतो, तो रोटाव्हायरस. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात आणि अन्न-पाणी शोषून घेण्याचं काम ते करतात. रोटाव्हायरस नेमका या उंचवट्यांच्या टोकाकडच्या पेशींत शिरतो आणि त्या मारतो. दुधातली साखर पचवणारी रसायनं याच पेशींत असतात. त्या गेल्या की साखर न पचता आतड्यात राहते आणि शरीरातलं पाणी ओढून घेते. शिवाय विषाणू एक विषारी प्रथिन तयार करतो, त्यानेही पाणी सुटतं. आठ-दहा किलोच्या बाळाचं किंवा तीस-पस्तीस किलोच्या वासराचं पाणी असं दिवसभर वाहत राहिलं की रक्त घट्ट होतं, हातपाय गार पडतात, लघवी थांबते. पेशी मारतो विषाणू, पण जीव जातो तो पाणी आटल्याने.

आणि या आजारात विषाणूला मारणारं औषध आपल्या हातात नाही. मेलेल्या पेशींच्या जागी शरीर स्वतःच नव्या पेशी आणतं. त्याला चार-सहा दिवस लागतात. तेवढे दिवस अंगातलं पाणी टिकवणं, हाच सगळा उपचार. सुदैवाने आतड्याची एक वाट या आजारातही पुरती बंद होत नाही. ग्लुकोज आणि मीठ जोडीने आले तर आतडं त्यांना आत घेतं आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत जातं. नुसतं पाणी किंवा नुसती साखर दिली तर हे जमत नाही. जोडी लागते, आणि तीही मापात.

या ज्ञानाने किती जीव वाचतात, ते भारताच्या सीमेवर जगाने पाहिलं आहे. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या तयार करवल्या, ते पाणी पिंपांत भरलं आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. छावणीतला मृत्यूचा दर तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो चार टक्क्यांच्या खाली आला. उपचार करणारे हात आया-बहिणींचे होते. तोपर्यंत हा उपचार दवाखान्याबाहेर, अशिक्षित माणसाच्या हातून होईल यावर पुष्कळ डॉक्टरांचा विश्वास नव्हता. आज तोच उपचार ओआरएसच्या पाकिटात, आशाताईंच्या पिशवीत आणि प्रत्येक औषधाच्या दुकानात आहे. तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या दहांपैकी सहाच बालकांना ओआरएस मिळालं होतं, आणि झिंक मिळालेली बालकं दहांपैकी तीनच होती. शोध आपल्या देशात सिद्ध झाला, पाकीट कुठेही मिळतं, आणि तरी दहांतली चार मुलं त्यावाचून राहतात.

का राहतात? गेल्या हिवाळ्यातला एक प्रसंग सांगते. एका वाडीवर आठ दिवसांची संकरित कालवड बघायला गेले होते. तिचं शेण पिवळट पांढरं, पाण्यासारखं झालं होतं, शेपूट आणि मागचे पाय भिजलेले. डोळे खोल गेलेले. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती घडी तशीच उभी राहत होती. पण तोंडात बोट घातलं तर कालवड चोखत होती आणि कान अजून गार पडले नव्हते. म्हणजे तोंडाने पाणी देऊन वाचण्यासारखी होती. मी पिशवीतून क्षारांची पावडर काढली, दोन लिटर कोमट पाणी मागवलं आणि बाटलीने पाजायला बसले. घरातल्या आजी दारातून बघत होत्या. त्यांच्या कडेवर वर्षभराचा नातू होता, मलूल, ओठ कोरडे पडलेले.

"मॅडम, हिला मिठा-साखरेचं पाणी देताय, आणि आमच्या बाळाला डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलंय. पाणीबी नको म्हणले, पोटात ठरत नाही म्हणून."

"आजी, इंजेक्शन दिलं का त्याला?"

"दिलं ना. दोन दिलीत. एक बाटलीबी लावली काल. घरी आलो की परत सुरू."

माणसांवर उपचार करणं माझं काम नाही. मी आजींना म्हटलं, उपकेंद्रात आशाताई असतील, त्यांना आत्ता बोलवा. आशाताई आल्या, त्यांनी पाकीट फोडलं, लिटरच्या बाटलीत विरघळवलं आणि चमच्या-चमच्याने द्यायला सुरुवात केली. बाळाने पहिले चार चमचे ओकून टाकले. आजी म्हणाल्या, "बघा, ठरत नाही." आशाताईंनी दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश सुरू केलं. ते ठरलं. आईला त्यांनी अंगावर पाजायलाही सांगितलं. मग बाळाला घेऊन त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून आल्या. त्या घरातलं बाळ आणि कालवड, दोघंही सावरली.

दोघांनाही एकाच विषाणूने गाठलं होतं, असं मी म्हणणार नाही. तपासणी झालेली नव्हती, आणि वासराचा रोटाव्हायरस सहसा वासरातच राहतो, बाळाचा बाळात. मला त्या अंगणात खटकलं ते वेगळंच. दूध बंद, पाणी बंद, दोन इंजेक्शनं आणि एक सलाइन, हा जो सल्ला त्या घराने पैसे मोजून आणला होता, त्यात बाळाला जगवणारी एकही गोष्ट घरी करण्यासारखी नव्हती. आजी अडाणी नव्हत्या. त्यांना सांगितलं गेलं होतं तेच त्या करत होत्या. म्हणून लोकांना दोष देऊन थांबणं मला पटत नाही. लोक कडक इंजेक्शन मागतात, कारण वर्षानुवर्षं आम्ही उपचार करणाऱ्यांनी त्यांना तेच विकलं आहे. पाणी पाजायला शिकवण्याची फी कुणी देत नाही, म्हणून ते शिकवलं जात नाही.

विषाणूवर प्रतिजैविकं चालत नाहीत, हे प्रत्येक डॉक्टरला माणसांच्या अभ्यासक्रमातही शिकवतात आणि जनावरांच्याही. शेणात किंवा शौचात रक्त असेल, सडकून ताप असेल, कॉलऱ्याचा संशय असेल किंवा वासरू जन्मल्यापासून तीन-चार दिवसांच्या आतलं असेल, तर जिवाणूचा विचार करावाच लागतो. अगदी कोवळ्या वासरात ई. कोलाय जिवाणूची हगवण पटकन जीव घेते, तिथं प्रतिजैविकांना जागा आहे. पण पाचव्या दिवसापासून दोन-तीन आठवड्यांपर्यंतच्या वासराची पाण्यासारखी, रक्त नसलेली हगवण, आणि सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाचे उलटीने सुरू झालेले जुलाब, यांत विषाणूचा संशय आधी घ्यायला हवा. तिथं प्रतिजैविक दिलं तर विषाणूला काही होत नाही, आतड्यातले उपयोगी जिवाणू मात्र मरतात आणि उरलेले औषधाला सरावतात. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटच्या फळीतलं औषध. कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यातला त्याचा वापर सरकारने २०१९ मध्ये बंद केला तो याच भीतीने. पण बंदीचं पत्रक निघाल्याने गोठ्यातली सवय जात नाही. दुकानात "हगवणीची गोळी द्या" म्हटलं की प्रतिजैविकाचं पाकीट आजही समोर येतं. मोठ्या माणसांची जुलाब थांबवणारी गोळी बाळाला देणं तर सरळ धोक्याचं आहे. आतड्याची हालचाल थांबते, पाणी आतच साचतं आणि बाहेरून वाटतं की बरं झालं.

पाणी कसं द्यायचं, हे एकदा नीट सांगते. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात पूर्ण विरघळवायचं. अर्धं पाकीट पेल्यात, उरलेलं उद्या, असं करू नका. माप चुकलं की मिठाचं प्रमाण चुकतं. तयार पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ संडासनंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याने सावकाश. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ घातलेली भाताची पेज आणि ताक आपल्या घरात असतंच. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, जेवण बंद करायचं नाही. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण करायच्या. बाळ सुस्त पडलं, पिईनासं झालं, डोळे किंवा टाळू खोल गेली, शौचात रक्त दिसलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर वाट न पाहता आरोग्य केंद्र गाठायचं. आणि वाटेतही पाणी देत राहायचं.

दुकानात मिळणाऱ्या गोड रंगीत पेयांपासून मात्र सावध राहा. त्यांत साखर जास्त आणि मीठ कमी असतं, त्याने जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या डब्यावर ओआरएस हे नाव छापू नये, असा आदेश अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला. तो निघायला फार उशीर झाला, पण निघाला हे चांगलं झालं. आता दुकानदारांनी तो पाळला पाहिजे आणि आपणही डब्यावरचं वाचून घेतलं पाहिजे.

वासराच्या बाबतीत पाण्याच्याही आधी एक गोष्ट येते, ती म्हणजे चीक. माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातली प्रतिकारशक्ती पोटात असतानाच काही प्रमाणात मिळते. गाय-म्हशीच्या वारेतून ती जात नाही. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईची प्रतिपिंडं जवळपास नसतात, ती सगळी पहिल्या चिकात असतात. आणि ती आतड्यातून रक्तात जाण्याचं दार पहिल्या काही तासांतच मिटत जातं, चोवीस तासांत बंद होतं. म्हणून वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसात पोटात गेला पाहिजे, आणि त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. तीस किलोच्या वासराला तीन लिटर, त्यातला दीड लिटर लगेच.

आमच्या भागात मात्र अजून ऐकायला मिळतं, "वार पडल्याबिगर चीक कसा पाजायचा, मॅडम?" वार पडायला कधी सहा-आठ तास लागतात, कधी वार अडकूनच बसते. तोवर वासरू उपाशी, आणि ते दार मिटत जातं. खरं तर वासरू चोखायला लागलं की वार पडायला मदतच होते. दुसरी अडचण खरवसाची. पहिल्या धारेचा घट्ट चीक खरवसाला उत्तम, म्हणून तो पाहुण्यांना, शेजाऱ्यांना आणि हल्ली दुकानाला जातो. खरवस मलाही आवडतो. पण पहिल्या दिवसाच्या चिकावर वासराचाच हक्क आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून त्याला रोज पाजून जे उरेल, त्याचा खरवस करा. पुढच्या दिवसांचा चीक रक्तात जात नसला तरी आतड्यात राहून विषाणूला अडवतो, म्हणून तोही थोडा-थोडा वासराला मिळत राहावा.

माणसांच्या घरातही याच वेळी असाच उशीर होतो. बाळ जन्मलं की मध चाटवतात, गूळपाणी देतात आणि पहिलं घट्ट पिवळं दूध काही ठिकाणी अजून पिळून टाकतात. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर पाजलेल्या बाळांचं प्रमाण देशात सुमारे ४२ टक्केच आहे. गाय असो की बाई, पहिला चीक बाळाचाच.

आता लसीबद्दल, कारण तिथं माझ्या व्यवसायाचा आणि तुमच्या बाळाचा थेट संबंध येतो. वासरांच्या हगवणीतला हा विषाणू अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात चार्ल्स मेबस यांनी १९६९ मध्ये दाखवला. माणसाच्या बाळात तो सापडला त्यानंतर चार वर्षांनी, १९७३ मध्ये, मेलबर्नच्या बालरुग्णालयात. रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा. दोन्ही विषाणू नात्यातले निघाले. पुढे लसीही या नात्यातूनच आल्या. दिल्लीच्या एम्समध्ये १९८०च्या दशकात डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नवजात बाळांत एक रोटाव्हायरस सापडला. ही बाळं त्याने आजारी पडत नव्हती आणि पुढच्या तीव्र जुलाबापासून वाचत होती. ११६ई या नावाच्या त्या विषाणूचा एक जनुक गायीच्या रोटाव्हायरसकडून आलेला होता. त्याच्यापासून रोटाव्हॅक ही लस तयार झाली. तिची मोठी चाचणी सुमारे ६,८०० बाळांवर दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातल्या वढू इथं झाली. वढू आमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यातलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल ही लस तर वासराच्या विषाणूवर माणसाच्या विषाणूचे जनुक बसवून केलेली आहे.

या लसी शंभर टक्के संरक्षण देत नाहीत. रोटाव्हॅकने पहिल्या वर्षात तीव्र रोटा-जुलाब सुमारे ५६ टक्क्यांनी कमी केले. आकडा लहान वाटेल. पण लस येण्याआधी भारतात दरवर्षी रोटाव्हायरसने पाच वर्षांखालची सुमारे ७८ हजार मुलं जात होती आणि पावणेनऊ लाखांच्या आसपास मुलं रुग्णालयात भरती होत होती. त्यातलं निम्मं टळणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरातलं मूल भरती झालं असेल त्याला विचारा. आणि केवळ स्वच्छतेने हा आजार जात नाही. नळाला शुद्ध पाणी असलेल्या श्रीमंत देशांतही लस येण्याआधी जवळपास प्रत्येक मुलाला पाच वर्षांचं होईपर्यंत रोटाव्हायरस होऊन जायचा. २०१६ मध्ये चार राज्यांत सुरू झालेली ही लस २०१९ पर्यंत देशभरच्या सरकारी लसीकरणात आली. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात तोंडाने, फुकट. ऊसतोडीला जाणाऱ्या, वीटभट्टीवर राहणाऱ्या आणि मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या घरांत तिसरा डोस राहून जातो. बाळाचं कार्ड एका गावात आणि बाळ दुसऱ्या जिल्ह्यात. तिथं आरोग्य खात्याने बाळाच्या मागे जायला हवं.

हात धुण्याबाबत थोडक्यात. करोनाच्या काळापासून घरोघर सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या. करोनाच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते अल्कोहोलने फुटतं. रोटा, माणसांत उलट्या-जुलाब घडवणारा नोरो आणि कुत्र्यांचा पार्व्हो यांच्यावर असं आवरण नसतं. नोरो आणि पार्व्होवर सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुणं हाच खात्रीचा उपाय. बाळाची शी काढल्यावर आणि गोठ्यातून आल्यावर, दोन्ही वेळा. शहरांत कुत्र्याची पिल्लं पाळणाऱ्यांनी पार्व्हो विसरू नये. १९७८ मध्ये ओळखला गेलेला हा विषाणू दोनेक वर्षांत जगभर पसरला. तो माणसाला होत नाही, पण जमिनीत महिनोन् महिने टिकतो आणि लस न घेतलेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत रक्ताची हगवण होऊन जातं. सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होणाऱ्या लसीचे पुढचे डोसही वेळेवर द्या. आणि पिल्लू आजारी पडलंच, तर तिथंही उपचाराचा पाया शरीरातलं पाणी टिकवणं हाच आहे.

सरकारने मनावर घेतलं तर आतड्याच्या विषाणूचं काय करता येतं, याचा दाखला जुन्या गुराख्यांना ठाऊक आहे. बुळकांडी. तोंडात फोड, डोळ्यांतून पाणी आणि मग न थांबणारी हगवण. गोठेच्या गोठे रिकामे करणारा हा रोग. भारतात १९५४ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, गावोगाव लसीकरण झालं, आणि १९९५ नंतर देशात बुळकांडीचा रोगी सापडला नाही. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसरा रोग. तिच्याच कुळातला पीपीआर मात्र आमच्या शेळ्या-मेंढ्यांत अजून आहे. मुक्तेश्वरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने त्याची लस तयार केली आहे, एका डोसाने किमान तीन वर्षं संरक्षण मिळतं, आणि २०३० पर्यंत तो जगातून घालवायचं उद्दिष्ट आहे. लस असून धनगराचा कळप हगवणीने अर्धा होतो, तेव्हा कमी पडतं ते वेळापत्रक, गाडी आणि माणसं. पशुधन पर्यवेक्षकांच्या रिकाम्या जागा भरल्याशिवाय हे उद्दिष्ट कागदावरच राहील.

आणखी एक मागणी. आजारी वासराचा नमुना औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागाकडे जातो. आजारी बाळाचा नमुना, गेलाच तर, माणसांच्या प्रयोगशाळेत. पुण्यातच राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. पण एकाच वाडीवर एकाच आठवड्यात बाळं आणि वासरं आजारी पडली तर दोन्ही नोंदी एकत्र पाहणारं माणूस तालुक्याला नाही. दिल्लीचा ११६ई आणि बेंगळुरूच्या नवजात बाळांत सापडलेला आय३२१, दोन्ही विषाणूंत गायीचे जनुक निघाले. म्हणजे गोठा आणि पाळणा यांच्यात विषाणूंची देवाणघेवाण कधीमधी होते. नागपुरात माणसांचं आणि जनावरांचं आरोग्य एकत्र पाहणाऱ्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. ती उभी राहो. पण त्यासाठी थांबायची गरज नाही. तालुका आरोग्य अधिकारी आणि पशुधन विकास अधिकारी यांनी महिन्यातून एकदा एका टेबलावर बसून जुलाब-हगवणीची वही मांडली, तर हे काम उद्यापासून सुरू होईल. आशाताईंच्या पिशवीत वासराच्या चिकाची माहिती आणि पशुधन पर्यवेक्षकाच्या पिशवीत ओआरएसची पाकिटं ठेवायला कुठलाही नवा कायदा लागत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि माणसांच्या डॉक्टरांना विनंती, की इंजेक्शन मागणाऱ्याला आधी पाणी पाजायला शिकवा आणि त्यासाठी रुग्णाला दहा मिनिटं द्या. आणि वाचकांना सांगते, आज दुकानात जाल तेव्हा ओआरएसची चार पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या घरी आणून ठेवा. बाळाचं लसीकरण कार्ड काढून रोटाव्हायरसचे तिन्ही डोस झाले का ते बघा. गोठ्यात गाय गाभण असेल तर पहिला चीक वासराचा, हे ती व्यायच्या आधीच घरात सगळ्यांनी मिळून ठरवा.